दुफळीच्या काळातील एक ख्रिस्ती गृहस्थ : धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम

ज्युबिलीच्या पुस्तिकेत देवालयाचा इतिहास, येथे सेवा केलेल्या धर्मगुरूंची नावे आणि दानशूर कुटुंबांचे स्मरण ही असावयाचीच. त्यांच्या पंक्तीस एका परदेशी प्रापंचिक मनुष्याचे चरित्र आम्ही का बसवीत आहो, असे कोणी विचारील. त्यास आमचे पहिले उत्तर असे की, हा मनुष्य आपणांस वाटतो तितका परका नाही. ज्या सोसायटीचे सभासद ठरल्या दिवशी एकत्र बसून आजाऱ्याचे औषध, विधवेचे घरभाडे आणि पोरक्या मुलाची शाळेची फी ह्यांचा हिशेब करतात, त्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा पाया घालणाऱ्यांत हे गृहस्थ अग्रेसर होते. त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले आहे. चरित्र थोड्यांसच ठाऊक आहे.

दुसरेही एक कारण आहे. निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आपल्या वाड्यांतून काय होते हे सर्व जाणतात. एका विहिरीचे पाणी पिऊन वाढलेले भाऊ एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवीनासे होतात. एका पक्षाचा मनुष्य दुसऱ्या पक्षाच्या घरच्या मयतास जावयास कचरतो, आणि मिस्सामध्ये परस्परांस शांती देण्याची वेळ आली म्हणजे कित्येकांच्या माना दुसरीकडे वळतात. ओझानाम ह्यांचे अवघे आयुष्य ह्याहून कितीतरी भयंकर दुफळीत गेले. त्यांनी राजकारणास भिऊन घराचे दार लावून घेतले नाही, आणि राजकारणापायी आपला धर्म व आपले स्नेह ही विकलीही नाहीत. हे त्यांनी कसे साधिले, आणि त्यासाठी त्यांस काय सोसावे लागले, हे सांगावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

त्या काळचे फ्रान्स कसे होते हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. १७८९ साली तेथे राज्यक्रांती झाली. तिच्या ऐन भरात राजाचा शिरच्छेद झाला, देवालये बंद पडली, आणि शेकडो धर्मगुरू प्राणांस मुकले. पुढे नेपोलियन आला व गेला; १८१५ नंतर जुने राजघराणे परत सिंहासनावर बसले; १८३० साली पुन्हा क्रांती होऊन तेही गेले, आणि लुई फिलिप राजा झाला. ह्या उलथापालथींनी देशात दोन तट पडले. एका तटास वाटे की, वेदी आणि सिंहासन ही जुळी भावंडे आहेत. जो ख्रिस्ती आहे तो राजपक्षाचाच असला पाहिजे. दुसऱ्या तटास वाटे की, ज्यास स्वातंत्र्य हवे त्याने आधी धर्मगुरूशी वैर केले पाहिजे. ह्या दोन तटांच्या खाली, दोघांच्याही नजरेआड, गिरण्यांतून व मागांवर राबणारा कामकरी वर्ग उपाशी होता.

अशा काळी २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी फ्रेडरिक ओझानाम ह्यांचा जन्म झाला. मिलान त्या वेळी नेपोलियनच्या सत्तेखाली होते. त्यांचे वडील तरुणपणी नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला. मिलान परत ऑस्ट्रियाकडे गेल्यावर, १८१६ साली, हे कुटुंब आपल्या मूळच्या लियाँ शहरी येऊन राहिले. आईबापांस चौदा मुले झाली, पैकी बहुतेक बाळपणीच देवाघरी गेली. मोठे होऊन संसारास अथवा सेवेस लागले ते तिघे पुत्र. एक धर्मगुरू झाला, एक वैद्य झाला, आणि मधले फ्रेडरिक.

डॉक्टर ओझानाम गरिबांस फुकट औषध देत, आणि त्यांची पत्नीही गरिबांच्या घरी जात असे. ह्या दांपत्याची एक गोष्ट सांगतात. उतारवय झाल्यावर जिने चढण्याचा त्रास होऊ लागला, म्हणून चौथ्या मजल्याच्या वर कोणीही चढावयाचे नाही असे दोघांनी परस्परांस वचन दिले. पुढे एके दिवशी एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, एका रोग्याच्या खोलीत, ही दोघे एकमेकांस अकस्मात भेटली. वचन दोघांनीही मोडले होते. १८३७ साली डॉक्टर ओझानाम वारले तेही एका गरिबाच्या घरी गेले असता जिन्यावरून पडून. मुलाने पुढे जे केले त्याचे बीज ह्या जिन्यांवर पेरले गेले होते.

फ्रेडरिक स्वभावाने हळवे, बुद्धीने तीव्र आणि मनाने जरा अधिकच टोचणी लावून घेणारे होते. शाळेतील शेवटच्या वर्षांत, पंधरा-सोळाव्या वर्षी, त्यांच्या श्रद्धेवर संशयाचे ढग आले. तो काळ त्यांनी मोठ्या यातनेत काढिला. सत्याचा प्रकाश दिसेल तर त्याच सत्याच्या सेवेस सारे आयुष्य वाहीन, असा त्यांनी देवापुढे संकल्प केला. त्यांचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक फादर न्वारो ह्यांनी त्यांस रागे न भरता आपल्यासोबत फिरावयास नेऊन, त्यांच्या शंका शांतपणे ऐकून घेऊन, हलके हलके पैलतीरास लावले. हा अनुभव ते कधी विसरले नाहीत. अश्रद्ध मनुष्याशी बोलताना ओझानाम ह्यांच्या शब्दांत पुढे जी मृदुता दिसे, तिचे मूळ येथे आहे. जो स्वतः अंधारातून चाललेला असतो, तो दुसऱ्या चाचपडणाऱ्यास हसत नाही.

१८३१ च्या नोव्हेंबरात ते कायद्याचा अभ्यास करण्यास पॅरिस येथे गेले. त्याच महिन्यात त्यांच्या लियाँ शहरी रेशमाचे विणकर मजुरीच्या दरासाठी बंड करून उठले. पॅरिसमध्ये धर्माची स्थिती शोचनीय होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जमावाने आर्चबिशपांचा वाडा लुटला होता. अशा नगरीत ह्या अठरा वर्षांच्या मुलास आश्रय मिळाला तो विख्यात शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर ह्यांच्या घरी. विजेच्या प्रवाहाचे माप आजही ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे अँपिअर. एवढा मोठा शास्त्रज्ञ भाविकपणे प्रार्थना करितो हे पाहून ह्या विद्यार्थ्याचे मन स्थिर झाले. सोर्बोन विद्यापीठात एक प्राध्यापक प्रकटीकरणाची टर उडवी, तेव्हा ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी आरडाओरड न करता आपली हरकत लिहून त्यांजकडे धाडली.

त्या विद्यार्थ्यांचे एक वादमंडळ होते. इतिहास, तत्त्वज्ञान व साहित्य ह्यांवर तेथे वाद चालत, आणि श्रद्ध व अश्रद्ध दोघेही त्यांत भाग घेत. एके दिवशी प्रतिपक्षाच्या एका तरुणाने असा मुद्दा काढिला की, ख्रिस्ती धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, ती आम्ही मान्य करतो. परंतु आज तुम्ही ख्रिस्ती काय करीत आहा? हा बाण ओझानाम ह्यांच्या जिव्हारी लागला. उत्तरादाखल आणखी एक व्याख्यान देता आले असते. त्यांनी तसे केले नाही. शत्रूचे म्हणणे खरे असेल तर ते शत्रूचे म्हणून टाकून द्यावयाचे नाही, ही त्यांची रीत ह्या प्रसंगी प्रथम दिसली.

२३ एप्रिल १८३३ रोजी, त्यांच्या विसाव्या वाढदिवशी, एका कॅथॉलिक वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण एकत्र बसले. सहा विद्यार्थी होते. सातवे एमान्युएल बाय्यी हे त्या पत्राचे चालक व वयाने वडील, म्हणून त्यांस अध्यक्ष केले. गरिबांच्या घरी जाऊन त्यांस भेटावयाचे, एवढाच ठराव झाला. परंतु गरीब शोधावे कोठे, आणि त्यांच्याशी बोलावे कसे, हे ह्या मुलांस ठाऊक नव्हते. ते त्यांस शिकविले एका धर्मभगिनीने. सिस्टर रोझाली रांद्यू ह्या पॅरिसच्या अत्यंत दरिद्री वस्तीत राहून सेवा करीत. त्यांनी कुटुंबांची नावे दिली, भाकरी व कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबाच्या घरी पाहुण्याप्रमाणे अदबीने जावयाचे असते, हे शिकविले. ओझानाम गरिबाच्या खोलीत शिरताना डोक्यावरची टोपी काढीत, आणि पहिली विचारपूस मनुष्याची करीत. चिठ्ठीची गोष्ट मागाहून निघे. सिस्टर रोझाली ह्यांसही पवित्र ख्रिस्तसभेने २००३ साली धन्यवादित म्हणून घोषित केले आहे.

आता ह्या लहानशा मंडळींच्या नियमांतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. सोसायटीच्या सभेत राजकारण बोलावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. सभासदांस राजकीय मते नव्हती, अशातला भाग नाही. त्यांत जुन्या राजघराण्याचे कडवे अभिमानी होते, तसे प्रजासत्ताकाकडे झुकलेलेही होते. बाहेर रस्त्यावर त्यांचे पक्ष एकमेकांचे वैरी होते. तथापि हे दोघे मिळून एकाच गरिबाचा जिना चढत. भेटीस दोघांनी जोडीने जावे असा सोसायटीचा परिपाठ आहे. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्यासोबत कोळशाची पिशवी पाच मजले चढवून नेली म्हणजे वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत वादाचा आवेश पुष्कळ ओसरलेला असतो. एकमत होत नाही. परंतु वैर राहात नाही. ओझानाम ह्यांनी हे ओळखले होते.

ह्याचा अर्थ सोसायटीत कधी तंटा झालाच नाही असा नव्हे. थोड्याच काळात सभासद शंभरावर गेले, आणि १८३४ च्या अखेरीस मंडळाचे भाग पाडावे की काय ह्यावरून मोठा वाद झाला. ओझानाम भाग पाडण्याच्या बाजूचे होते. त्यांचे जिवलग मित्र विरुद्ध होते. एकत्रपणा गेला म्हणजे प्रेम जाईल, अशी विरोधकांस भीती होती, आणि काही जणांच्या डोळ्यांत पाणीही आले. शेवटी भाग पडले. पण मने फुटली नाहीत. त्या विभागणीमुळेच सोसायटी एका देवालयातून दुसऱ्यात, एका शहरातून दुसऱ्यात, आणि पुढे जगभर पसरली. वेगळे होणे आणि तुटणे ह्यांत अंतर आहे, हा त्या प्रसंगाचा बोध आपल्या मंडळांनीही ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

ओझानाम १८३६ साली कायद्याचे व १८३९ साली साहित्याचे डॉक्टर झाले. साहित्याचा प्रबंध त्यांनी इटालियन महाकवी दान्ते ह्याजवर लिहिला होता. काही काळ त्यांनी लियाँ येथे व्यापारी कायदा शिकविला. त्या व्याख्यानांतून त्यांनी असे प्रतिपादन केले की, कामकऱ्यास पोट भरेल, मुले शिकतील आणि म्हातारपणास काही उरेल एवढी मजुरी मिळणे हा त्याचा हक्क आहे. पोप लिओ तेरावे ह्यांचे कामकऱ्यांविषयीचे सुप्रसिद्ध परिपत्रक १८९१ साली निघाले, हे लक्षात घेतले म्हणजे ओझानाम काळाच्या किती पुढे होते हे कळते. १८४० साली एका अत्यंत अवघड स्पर्धा-परीक्षेत ते पहिले आले, आणि सोर्बोन विद्यापीठात परदेशी साहित्य शिकवू लागले. १८४४ मध्ये ते तेथे कायमचे प्राध्यापक झाले.

मध्यंतरी २३ जून १८४१ रोजी आमेली सूलाक्र्वा ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, व १८४५ साली त्यांस मारी नावाची कन्या झाली. दर महिन्याच्या २३ तारखेस, विवाहाच्या आठवणीदाखल, ते पत्नीस फुले देत. हा क्रम त्यांनी मरणापर्यंत चालविला. मिळकतीचा निदान दहावा हिस्सा ते गरिबांस देत. एका नववर्षदिनी त्यांस कळले की, एका गरीब कुटुंबाने घरातील जुनी पेटी गहाण टाकली आहे. ती सोडवून द्यावी असे त्यांच्या मनात आले, परंतु घरच्यांनी सावधगिरीची गोष्ट सांगितल्यामुळे ते थांबले. संध्याकाळी आपल्या मुलीपुढे पडलेली खेळणी पाहून त्यांस घास गोड लागेना. ते उठले, गेले, आणि पेटी सोडवून त्या घरी पोचवून आले, तेव्हा त्यांच्या मनास स्वस्थता मिळाली.

विद्यापीठात त्यांची कसोटी दोन्ही बाजूंनी होई. १८४६ च्या सुमारास शार्ल लनॉर्मां नावाच्या एका प्राध्यापकांनी व्याख्यानांतून ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे प्रकट केली म्हणून विद्यार्थ्यांच्या टोळक्याने त्यांचा वर्ग उधळण्याचा सपाटा लाविला. ओझानाम त्या वर्गात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्या तरुणांस सुनावले की, स्वातंत्र्याचे नाव घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या मनाचे स्वातंत्र्यही राखिले पाहिजे. ह्याच्या उलट, काही कॅथॉलिक लेखकांस ओझानाम फारच सौम्य वाटत. प्रतिपक्षावर आग ओकीत नाही तो कसला धर्मवीर, असे त्यांचे म्हणणे. विख्यात अँपिअर ह्यांचे पुत्र जाँ-जाक ह्यांची धर्मश्रद्धा डळमळीत होती. तरीही ते ओझानाम ह्यांचे आयुष्यभराचे मित्र राहिले, आणि ओझानाम ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध करण्याच्या कामी त्यांनीच पुढाकार घेतला. ज्यांना केवळ वादात जिंकले असते त्यांना ह्यांनी स्नेहाने आपलेसे केले होते.

आता १८४८ सालाकडे वळू. कारण त्या एका वर्षात ह्या मनुष्याचे सारे सत्त्व दिसून आले. वर्षाच्या आरंभीच त्यांनी एका मासिकात असे लिहिले की, प्राचीन काळी ख्रिस्तसभेने मोडकळीस आलेल्या रोमन साम्राज्याचा मोह सोडून रानटी समजल्या जाणाऱ्या लोकांकडे आपले मुख वळविले, तसे आता तिने सत्ताधीशांकडून सामान्य जनतेकडे वळावे. ह्या लेखाने अनेक सधन कॅथॉलिक खवळले. थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीत, क्रांती झाली, राजा पळाला आणि प्रजासत्ताक स्थापन झाले. ओझानाम ह्यांनी त्याचे मनापासून स्वागत केले. एप्रिलमध्ये ते लियाँकडून निवडणुकीस उभे राहिले आणि पडले. त्याच सुमारास फादर लाकोर्देर व फादर मारे ह्यांसमवेत त्यांनी एक वृत्तपत्र काढिले. ख्रिस्ती धर्म आणि लोकसत्ता ह्यांत वैर नाही, हे त्या पत्राचे सूत्र होते. म्हणजे, वाचकांनी पाहावे, ओझानाम ह्यांस राजकीय मत होते. ते त्यांनी लपविले नाही, आणि त्यासाठी पराभवही पत्करिला.

जून महिन्यात वणवा पेटला. बेकारांस काम देण्यासाठी सरकारने राष्ट्रीय कर्मशाळा काढिल्या होत्या. त्यांत लाखाहून अधिक लोकांची नावे होती. त्या बंद करण्याचा हुकूम निघताच २३ जून रोजी पॅरिसच्या कामकरी वस्त्यांनी रस्त्यांवर अडथळे रचून बंड केले. चार दिवस भावाने भावाचे रक्त सांडले. नागरिक-दलाचे शिपाई म्हणून ओझानाम ह्यांस सरकारच्या बाजूने गणवेश घालून पहाऱ्यास उभे राहणे भाग होते, आणि समोरच्या अडथळ्यापलीकडे होते ते त्यांनी ज्यांचे जिने चढले होते तेच लोक. ह्याहून अवघड जागा ख्रिस्ती मनुष्याच्या वाट्यास क्वचितच येते.

रविवार, २५ जून रोजी ओझानाम आणि त्यांचे दोन मित्र आर्चबिशप देनी आफ्र ह्यांजकडे गेले. दोन्ही बाजू ज्यांचे ऐकतील असा मनुष्य त्यांच्यावाचून दुसरा नाही, तरी त्यांनी मध्ये पडावे, असे त्यांनी विनविले. आर्चबिशपांच्या मनातही तेच घोळत होते. ते सेनापती कावेन्याक ह्यांस भेटले, आणि मग बास्तीयच्या चौकाकडे निघाले. ओझानाम व त्यांच्या मित्रांस बरोबर जावयाचे होते. परंतु त्यांच्या अंगावरील गणवेश पाहून पलीकडच्या लोकांचा गैरसमज होईल, म्हणून आर्चबिशपांनी त्यांस मागे ठेविले. पुढे शांतीची हिरवी डहाळी धरली होती. क्षणभर बंदुका थांबल्या. आर्चबिशप अडथळा ओलांडून पलीकडे गेले. इतक्यात पुन्हा गोळीबार सुरू झाला, आणि एक गोळी त्यांस लागली. २७ जून रोजी त्यांनी देह ठेविला. आपले रक्त हेच शेवटचे सांडलेले रक्त ठरावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

ज्यांनी त्यांस जाण्याची विनंती केली होती त्यांच्या अंतःकरणाची अवस्था काय झाली असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. बंड मोडले गेले. हजारो मेले, हजारो पकडले गेले, पुष्कळांस समुद्रापार अल्जेरियात हद्दपार केले. श्रीमंतांच्या मनात भय व सूड ह्यांवाचून काही उरले नाही. आर्चबिशपांच्या रक्ताचा जाब कामकऱ्यांकडून मागणे त्या वेळी किती सोपे होते! ओझानाम ह्यांनी नेमके उलटे केले. त्यांनी आपल्या पत्रातून धर्मगुरूंस, धनिकांस व लोकप्रतिनिधींस विनविले की, बंड मोडले असले तरी ज्या दैन्यातून ते उपजले ते दैन्य तसेच आहे. त्या वस्त्यांत उतरा, त्या खोल्या डोळ्यांनी पाहा. वाटेवर घायाळ पडलेल्याच्या जखमांत तेल ओतणे हे दयेचे काम आहे. वाटमारी होऊ न देणे हे न्यायाचे काम आहे. आणि दोन्ही कामे ख्रिस्ती मनुष्याचीच आहेत, अशी त्यांची शिकवण होती. १८४९ साली पॅरिसमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा सोसायटीचे सभासद रोग्यांच्या उशाशी बसले. रोगी जूनच्या बंडात कोणत्या बाजूस होता, हे कोणी विचारिले नाही.

ह्या वागणुकीचे बक्षीस त्यांस काय मिळाले? पुष्कळ जुने मित्र दुरावले. त्यांचे वृत्तपत्र १८४९ मध्ये बंद झाले. १८५० साली एका नामांकित कॅथॉलिक पत्राने त्यांच्या श्रद्धेच्या शुद्धतेविषयीच संशय उपस्थित केला. ज्याने तारुण्यात श्रद्धेसाठी एवढ्या यातना सोसल्या त्यास हा घाव किती खोल लागला असेल! त्यांनी त्यावर जाहीर वाद माजविला नाही. ते आपले काम करीत राहिले. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई नेपोलियनने लोकसत्ता उलथून टाकली, आणि अनेक कॅथॉलिकांनी सुटकेचा निश्वास टाकून त्या बळजबरीस आशीर्वाद दिला. ओझानाम ह्यांस ते पटले नाही. त्यांचा पक्ष अशा रीतीने हरला तो हरलाच. त्यांच्या हयातीत तो पुन्हा उभा राहिला नाही.

प्रकृतीही ढासळत चालली होती. १८५२ च्या वसंतात ते अंथरुणास खिळलेले असता, प्राध्यापक पगार घेऊन घरी बसतात अशी कुरकुर विद्यार्थ्यांत चालली असल्याचे त्यांच्या कानी आले. ते उठले, कसेबसे वर्गात गेले आणि बोलले. त्यानंतर त्यांस पुन्हा शिकविता आले नाही. हवापालटासाठी ते स्पेनमध्ये व पुढे इटलीत गेले, आणि तेथेही सोसायटीची मंडळे स्थापण्यासाठी धडपडले. २३ एप्रिल १८५३ रोजी, चाळिसाव्या वाढदिवशी, पिसा शहरी त्यांनी आपले मृत्युपत्र लिहिले. घर, पत्नी, लहान मुलगी, अपुरे राहिलेले ग्रंथ, सर्व काही देवाच्या हाती सोपविले. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, मारियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय बंदरी त्यांनी प्राण सोडिला. जो दिवस आपल्याकडे बांद्र्याच्या डोंगरावरील माउलीच्या ओढीने आपण भक्तिभावाने पाळतो, तोच हा दिवस.

त्यांचा देह पॅरिस येथे कार्मेलच्या जुन्या देवालयाच्या तळघरात विसावला आहे. ह्या जागेचा इतिहास वाचकांनी ऐकावा. सप्टेंबर १७९२ मध्ये ह्याच आवारात क्रांतिकारकांनी तीन बिशप व शंभराहून अधिक धर्मगुरूंची कत्तल केली होती. त्या हुतात्म्यांच्या शेजारी आज तो मनुष्य निजला आहे, ज्याने त्याच क्रांतीच्या वारसांशी ख्रिस्ती मनाने हात मिळवू पाहिला. कोणी म्हणेल, हा विरोध आहे. आम्हांस तो विरोध वाटत नाही. त्या हुतात्म्यांनी श्रद्धा सोडली नाही. ह्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि ज्यांनी त्यांस मारिले त्यांच्या मुलांबाळांचा द्वेषही केला नाही. दोन्ही एकाच क्रुसाची फळे होत. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिरात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ओझानाम ह्यांस धन्यवादित म्हणून घोषित केले. सात जणांनी सुरू केलेली सोसायटी आज सुमारे दीडशे देशांत काम करीत आहे. ज्या राज्यांवरून आणि राजांवरून त्या काळी माणसे एकमेकांच्या उरावर बसली, त्यांतील एकही आज उरलेले नाही. गरिबाच्या जिन्यावरची ती पावले मात्र थांबली नाहीत.

हे चरित्र वाचून, राजकारण हे पापच आहे आणि सज्जनाने त्यापासून दूर राहावे, असा अर्थ कोणी काढू नये. ओझानाम ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी मत बाळगिले, लिहिले, निवडणूक लढविली. फक्त पक्षास त्यांनी आपल्या अंतःकरणाच्या वेदीवर बसविले नाही. ती जागा प्रभूची होती. प्रतिपक्षाच्या तोंडून सत्य आले तर ते त्यांनी घेतले, स्वपक्षाच्या हातून अन्याय झाला तर तो झाकला नाही, आणि मित्राचे मत बदलले म्हणून मैत्री बदलली नाही. दर आठवड्यास एका गरिबाचे दार ठोठावणाऱ्या मनुष्यास आपला पक्ष हेच अवघे जग वाटणे कठीण असते.

म्हणून ज्युबिलीच्या ह्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीस आमची एक विनंती आहे, आणि ती आम्ही येथे सर्वांसमक्ष नमूद करून ठेवितो. सभासद भेटीस जोडीने जातात, तो परिपाठ तसाच चालावा. परंतु ह्या वर्षी जोड्या लावताना प्रत्येक वाडीत गेल्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध राबलेले दोघे हुडकून एकाच घरी एकत्र धाडावे. जे सभासद नाहीत त्यांनीही आपले नाव द्यावे. वाटेत त्यांनी काय बोलावे हे आम्ही सांगत नाही. आजाऱ्याच्या खाटेशी दोघांनी मिळून एक आमच्या बापा व एक नमो मरिया म्हणावी, आणि परत येताना एकाच वाटेने यावे. धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम ह्यांच्या मध्यस्थीने प्रभू ह्या पावलांस आशीर्वाद देवो.